शरदात स्पिती: पुण्याहून तंबू घेऊन निघण्याआधी

शाळेच्या सुट्ट्यांचं पत्रक हातात पडलं की पुण्यात हिमाचलचे बेत सुरू होतात. इकडे ऑक्टोबर हीटने जीव नकोसा झालेला असतो आणि मोबाईलवर कुणीतरी स्पितीच्या निळ्याशार आभाळाचा फोटो टाकतं. फोटो खोटा नसतो. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा मध्य हा तिकडचा सगळ्यात देखणा काळ. हवा धुऊन निघालेली, नाल्यांचं पाणी उतरलेलं, किन्नौरात सफरचंदांचा हंगाम, स्पितीच्या गावांभोवती पिवळी पडलेली झाडं. पण याच दिवसांत तिथे एका रात्रीत वाट बंद करणारा बर्फही पडतो. २०१८च्या सप्टेंबरमध्ये, २२ ते २४ तारखेच्या सुमारास, लाहौल-स्पितीत असाच बर्फ कोसळला. शेकडो पर्यटक अडकले आणि हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी लोकांना बाहेर काढावं लागलं. तो हिवाळा नव्हता, पुण्यात तेव्हा गणपती होते.

म्हणून या सफरीची आखणी महाबळेश्वरसारखी करता येत नाही. 'कुठल्या दिवशी काय बघायचं' याआधी 'बिघडलं तर कुठून मागे फिरायचं' हे ठरलं पाहिजे.

आधी रस्ता ठरवा

स्पितीत गाडीने जायच्या दोन वाटा आहेत. एक सिमल्याहून किन्नौर जिल्ह्यातून, सतलजच्या काठाने: नारकंडा, रामपूर, रेकाँग पिओ, नाको, ताबो आणि मग स्पितीचं मुख्य गाव काझा. दुसरी मनालीहून: अटल बोगदा, कोकसर, ग्राम्फू, बातल आणि मग ४,५५१ मीटर उंचीची कुंझुम खिंड ओलांडून लोसरमार्गे काझा. बहुतेक सगळे एकीकडून शिरून दुसरीकडून बाहेर पडायचं 'सर्किट' आखतात. नकाशावर ते फार छान दिसतं.

माझं मत स्पष्ट आहे. शरदात सर्किट हा बोनस समजा. मूळ आराखडा किन्नौरमधून आत आणि किन्नौरमधूनच बाहेर असा हवा. कारण साधं आहे: किन्नौरची वाट वर्षभर वाहती ठेवायचा प्रयत्न असतो, तर कुंझुम एका मोठ्या बर्फानंतर थेट पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बंद होऊ शकते. ती साधारणपणे ऑक्टोबरच्या उत्तरार्धात बंद होते, पण हे 'साधारणपणे' तुमच्या तारखांना बांधील नाही. काझाला पोचल्यावर खिंड उघडी असेल, पुढचे तीन दिवस आभाळ स्वच्छ राहणार असेल, तर मनालीकडे उतरा. नसेल तर आल्या वाटेने परत. त्यासाठी लागणारे तीन दिवस वेळापत्रकात आधीच धरलेले असले, की काझाच्या चौकात नवरा-बायकोचं भांडण होत नाही.

किन्नौरकडूनच शिरायला दुसरं, त्याहून मोठं कारण उंचीचं आहे. त्याबद्दल पुढे.

तारखा: सुट्टी एकीकडे, आभाळ दुसरीकडे

नैर्ऋत्य मान्सून वायव्य भारतातून परतायला लागण्याची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख १७ सप्टेंबर आहे. हिमाचलमधून तो साधारण महिनाअखेरीस निघतो. म्हणजे आपल्याकडे परतीचा पाऊस झोडपत असतो, तेव्हा तिकडे आभाळ मोकळं झालेलं असतं. मान्सून गेला की तिथल्या हवेचा धनी बदलतो. आता पश्चिमी विक्षोभ, म्हणजे भूमध्य समुद्राच्या बाजूने पश्चिमेच्या वाऱ्यांबरोबर सरकत येणाऱ्या प्रणाली, पाऊस आणि बर्फ आणतात. ऑक्टोबरमध्ये त्या हिवाळ्याच्या मानाने कमी असतात. पण एखादी जोरकस आली आणि तिला बंगालच्या उपसागरावरची ओल मिळाली, की काय होतं ते २०२१च्या ऑक्टोबरमध्ये दिसलं. १८-१९ तारखेला नैनिताल-मुक्तेश्वर भागात अतिवृष्टी झाली आणि त्याच दिवसांत हर्षिलहून लमखागा खिंड ओलांडून चितकूलकडे निघालेल्या गटातले काही जण बर्फात दगावले. चितकूल आपल्याच वाटेवर आहे.

तर तारखा? २२ सप्टेंबर ते १२ ऑक्टोबर या चौकटीत बसवा. दसरा या चौकटीत येत असेल, तर त्या वर्षी नशीब चांगलं. दिवाळीच्या सुट्टीत जायचंच असेल, तर काझाचा हट्ट सोडून सांगला-कल्पापर्यंतची सफर करा. तीही कमी नाही. पौर्णिमा साधायची हौस असेल तर कोजागरी छान, पण चंद्र असला की आकाशगंगा दिसत नाही. दोन्ही एकाच रात्री मागू नका.

चंदीगड ते चंदीगड तेरा दिवस धरा, त्यातले दोन पूर्ण कोरे. कोऱ्या दिवसावर 'तेव्हा चंद्रतालचं तळं करू' असं पेन्सिलनेसुद्धा लिहू नका. तो दरड कोसळल्यावर, ताप आल्यावर किंवा बर्फ पडल्यावर वापरायचा दिवस आहे. एवढी रजा नसेल तर पल्ला कमी करा, कोरे दिवस कमी करू नका.

पुण्याहून तिथपर्यंत

स्वतःची गाडी पुण्यापासून न्यायची का? चंदीगडपर्यंतच सतराशे-अठराशे किलोमीटर होतात, म्हणजे जाताना तीन आणि येताना तीन दिवस, आणि घाट सुरू व्हायच्या आधीच चालकाची कंबर मोडलेली. तीन आठवडे हातात असतील आणि दोघं-तिघं गाडी चालवणारे असतील तरच हा मार्ग घ्या. एरवी विमानाने चंदीगड, किंवा झेलम एक्स्प्रेसने अंबाला, आणि तिथून भाड्याची गाडी. भाड्याची गाडी चालकासह घ्यायची की स्वतः चालवायची, यावर पुणेकर कितीही वाद घालू शकतो. ज्याने वरंधा आणि ताम्हिणीपलीकडे घाट चालवलेला नाही त्याने तिकडचा चालक घ्यावा, एवढं माझं म्हणणं.

एक मेख लक्षात ठेवा. कॅम्पिंगचा गॅस कॅनिस्टर विमानात आणि रेल्वेत, दोन्हीकडे चालत नाही. बर्नर पुण्याहून न्या आणि कॅनिस्टर तिकडच्या मोठ्या शहरात आधी फोन करून घ्या. काझाला मिळेल या भरवशावर राहू नका.

भारतीय नागरिकांना या वाटेला इनर लाइन परमिट (सीमाभागात जायचा परवाना) लागत नाही, पण चौक्यांवर नोंद होते, म्हणून ओळखपत्राची मूळ प्रत जवळ हवी. अटल बोगद्यातून येणाऱ्यांना रोहतांग खिंडीचा परवाना लागत नाही.

उंचीचं गणित

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, काझा ३,६५० मीटरच्या वर. वर गेल्यावर हवेचा दाब कमी होतो, प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी मिळतो आणि शरीराला जुळवून घ्यायला दिवस लागतात. रोज टेकडी चढणाऱ्यालाही लागतात. व्यायामाचा इथे उपयोग नाही. डॉक्टरांचा सर्वमान्य नियम असा, की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक मुक्काम तसाच ठेवावा. दिवसा वर जाऊन आलात तर चालतं, रात्रीची उंची मोजायची.

या नियमात बसणारा क्रम असा. पहिली रात्र नारकंडा, सुमारे २,७०० मीटर. दुसरी सराहन, त्याहून खाली. तिसरी आणि चौथी सांगला किंवा रक्छम. मधल्या दिवशी ३,४५० मीटरवरचं चितकूल बघून परत खाली. पाचवी कल्पा, २,९६० मीटर, समोर किन्नर कैलास. सहावी रात्र बहुतेक जण नाकोला काढतात आणि तिथेच डोकं धरून बसतात, कारण नाको ३,६६० मीटरवर आहे, म्हणजे एका दिवसात सातशे मीटरची उडी. त्यापेक्षा नाकोचं तळं दुपारी बघा आणि झोपायला ताबोला जा. ताबो ३,२८० मीटरवर आहे आणि तिथला मठ इ.स. ९९६चा, म्हणजे दुसऱ्या दिवशीची सकाळ तशीही तिथेच घालवायची आहे. मग काझा दोन रात्री. 'की', किब्बर, लांग्झा ही चार हजार मीटरच्या वरची गावं दिवसा करून संध्याकाळी काझाला उतरायचं.

आता हेच मनालीकडून करून बघा. मनाली २,०५० मीटर, दुसऱ्याच दिवशी साडेचार हजारांची खिंड आणि रात्री काझा. त्या रात्री जे उलट्या करतात त्यांनी आदल्या दिवशी काही वाईट खाल्लेलं नसतं.

डोकेदुखीबरोबर मळमळ, चक्कर किंवा झोप उडणं असेल, तर आणखी वर जायचं नाही. चालताना तोल जाणं, बरळणं, बसल्या जागी धाप लागणं, फेसाळ खोकला यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता खाली उतरायचं. डायमॉक्स ही गोळी जुळवून घ्यायला मदत करते. ती पुण्यातच डॉक्टरांना विचारून घ्या, विशेषतः सल्फाची अॅलर्जी असेल तर. आजी-आजोबा बरोबर असतील तर कल्पा ही शेवटची पायरी ठरवा. आणि पहिले काही दिवस 'थंडी आहे म्हणून एक-एक' हा कार्यक्रम बंद.

गाडीची तपासणी

पुण्याच्या गाड्यांना थंडीची सवय नसते, आणि मेकॅनिकलाही नसते. त्याला स्पष्ट सांगावं लागतं. रेडिएटरमध्ये उन्हाळ्यात कुणीतरी नुसतं पाणी ओतून ठेवलेलं असतं. ते काढून कूलंट आणि पाणी निम्मे-निम्मे भरून घ्या. बॅटरी तीन वर्षांपेक्षा जुनी असेल तर बदला, कारण गारठ्यात तिची ताकद घटते आणि इंजिनाला मात्र सुरू व्हायला जास्त लागते. काच धुण्याच्या पाण्यात न गोठणारं द्रव घाला. ब्रेक पॅड, वायपरचे रबर, हेडलाइट, आणि स्टेपनी पूर्ण आकाराची आहे का ते बघा. टायरची हवा काझाला सकाळी मोजाल तर कमी दिसू शकेल. थंडीने दर पाच-सहा अंशांमागे साधारण एक पॉइंट (पीएसआय) उतरतो. गाडी तापायच्या आत मोजून कंपनीने सांगितलेल्या आकड्यावर आणा.

साध्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर हजार मीटरमागे सुमारे एक दशांशाने कमी होते. पाच माणसं, टपावर सामान आणि हॅचबॅक अशी गाडी कुंझुमच्या वळणावर पहिल्या गिअरमध्ये कण्हते. किन्नौरच्या वाटेने काझापर्यंत हॅचबॅक चालते, मात्र कुंझुम ते ग्राम्फू हा दगडधोंड्यांचा आणि नाल्यांचा टप्पा उंच गाडीसाठीच ठेवा.

इंधन पिओला आणि काझाला भरा. काझाहून मनाली दोनशे किलोमीटर आहे आणि मध्ये पंपावर भरवसा ठेवायचा नाही. डिझेल गाडी असेल तर मैदानातल्या डिझेलने भरलेली टाकी घेऊन काझाला पोचू नका, रिकामी होत आली की वरचं भरा. थंडीत डिझेल घट्ट होऊ लागतं. रात्री गाडी उभी करताना हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेवा आणि चाकामागे दगड लावा. ओला हँडब्रेक गोठतो आणि सकाळी चाक सुटत नाही.

कधी निघायचं, हेही ऋतूप्रमाणे बदलतं. जुलैमध्ये पहाटे निघायचा सल्ला बरोबर असतो, कारण दुपारी बर्फ वितळून नाले फुगतात. ऑक्टोबरमध्ये नाले तसेही उतरलेले असतात आणि पहाटे रस्त्यावर सांडलेलं पाणी काचेसारखं गोठलेलं असतं. डांबरावर ते दिसतही नाही. सावलीतल्या वळणांवर ऊन पोचल्याशिवाय, म्हणजे साडेआठ-नवाच्या आधी, उंच भागात गाडी हलवू नका. आणि किन्नौरच्या खालच्या टप्प्यात सफरचंदांच्या ट्रकांची रांग लागते, तिथे नकाशावरच्या वेळेत दीड-दोन तास वाढवून धरा.

तंबू आणि झोप

पवनेच्या काठावर दोन-तीन पावसाळे काढलेला तंबू आपल्याला विश्वासू वाटतो. तो पावसासाठी आहे. इथे वारा आणि दंव हे शत्रू आहेत. बाहेरचा कपडा जमिनीपर्यंत येणारा, स्वतःच्या दांड्यांवर उभा राहणारा तंबू हवा, कारण स्पितीच्या मुरमाड जमिनीत खुंट्या शिरत नाहीत. दोऱ्या मोठ्या दगडांना बांधाव्या लागतात. जास्तीची दोरी न्या. तंबूची वरची जाळी थोडी उघडी ठेवून झोपा. सगळं घट्ट बंद केलंत तर श्वासाची वाफ आतून गोठते आणि सकाळी उन्हाबरोबर अंगावर टपकते.

स्लीपिंग बॅगवर दोन-तीन आकडे छापलेले असतात. त्यातला 'कम्फर्ट' हाच बघा. 'एक्स्ट्रीम' म्हणजे जेमतेम जीव वाचेल असा आकडा, झोपेचा नाही. ऑक्टोबरमध्ये काझाला रात्री पारा शून्याखाली जातो, त्यामुळे कम्फर्ट उणे पाच किंवा त्याहून खालची बॅग हवी. त्याहून महत्त्वाची खालची चटई. पाठीखालची बॅग वजनाने दबते आणि गारठा जमिनीतून येतो. फोमची चटई आणि वर हवेची, अशा दोन घातल्या की फरक कळतो. एवढा खर्च एका सफरीसाठी करायची गरज नाही. पुण्यात ट्रेकिंगचं सामान भाड्याने मिळतं. जाड जॅकेटं जुन्या बाजारात धुंडाळायची मजा वेगळीच, फक्त चेन आणि शिवण तिथेच तपासा.

पुण्यात ही थंडी कुठून आणणार? तंबू मात्र सोसायटीच्या गच्चीवर रात्री, दिवे बंद करून, हातमोजे घालून लावून बघा. मग वरून बागेच्या नळीने दहा मिनिटं पाणी सोडा. वॉचमन चौकशी करेल, करू दे.

अंगात सुती बनियन आणि जीन्स नको. घामाने ओले होतात आणि वाळत नाहीत. आत घाम सोडणारा थर, मध्ये लोकर किंवा फ्लीस, वर वारा-पाणी अडवणारं जॅकेट. झोपायचे मोजे वेगळे ठेवा आणि ते दिवसा घालू नका. मोबाईल आणि पॉवर बँक झोपताना बॅगेत कुशीत घ्या. गरम पाण्याची बाटली पायाशी.

चूल

३,७०० मीटरवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजवत बसाल तर गॅस संपेल, डाळ शिजणार नाही. दोन लिटरचा छोटा कुकर सामानात घ्याच. त्यात मुगाची खिचडी होते, मऊ भात होतो, वर मेतकूट आणि तूप. कोरडं खाणं आपल्याकडे भरपूर आहे: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळपापडी, भडंग, बाकरवडी. सकाळी चूल पेटायला वेळ लागतो, तेव्हा हेच उपयोगी पडतं.

नुसत्या ब्युटेनचा कॅनिस्टर शून्याच्या आसपास मान टाकतो, कारण ब्युटेनची वाफ होणंच थांबतं. आयसोब्युटेन-प्रोपेन मिश्रणाचा घ्या आणि वापरण्याआधी जॅकेटच्या आत धरून ऊब द्या. कधीही आगीजवळ नाही.

आणि तंबूत किंवा बंद गाडीत स्टोव्ह, शेगडी, निखारे, गॅस हीटर काहीही पेटवायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. २०२०च्या जानेवारीत नेपाळमधल्या दामनला हॉटेलच्या खोलीत हीटर लावून झोपलेले केरळचे आठ पर्यटक दगावले, त्यांत लहान मुलंही होती. थंडी असह्य झाली तर होमस्टेचं दार ठोठवा; तिकडे कुणी नाही म्हणत नाही.

तळ कुठे टाकायचा

नदीच्या पात्रात नाही, पात्र कितीही रुंद आणि कोरडं दिसलं तरी. सतलज आणि सांगला खोऱ्यातली बास्पा या नद्यांवर जलविद्युत प्रकल्प आहेत आणि पाणी कधी सोडतील ते आपल्याला कळत नाही. जून २०१४मध्ये मंडीजवळ बियासच्या पात्रात लार्जी धरणाचं पाणी आलं आणि हैदराबादहून आलेले २४ विद्यार्थी वाहून गेले.

डोंगराच्या सुट्या दगडांच्या उताराखालीही नाही. जुलै २०२१मध्ये सांगला खोऱ्यात बत्सेरीजवळ कडा सुटला तेव्हा नऊ पर्यटक गेले. जमिनीवर ताज्या फुटक्या कडांचे दगड विखुरलेले दिसले, तर ते वरूनच आले आहेत.

मग कुठे? गावालगत, कुणाच्या तरी बागेत किंवा अंगणात, विचारून आणि पैसे देऊन. स्वच्छतागृह, पाणी आणि गरज पडल्यास छप्पर मिळतं. रक्छम-चितकूलच्या बाजूला आणि ताबोला अशी सोय सहज होते. चंद्रतालच्या काठावर तंबू लावायला बंदी आहे. कॅम्प काही किलोमीटर अलीकडे असतात आणि ऑक्टोबरमध्ये गुंडाळायला लागतात. सगळ्या रात्री तंबूतच काढायचा हट्ट करू नका. नारकंडा, कल्पा आणि काझाला पक्क्या खोलीत झोपा, कपडे वाळवा, फोन भरा.

दिवस लहान असतो. काझाला ऑक्टोबरच्या मध्यात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, पण दरीत ऊन त्याआधी तास-दोन तास कड्याआड जातं आणि पारा झपकन पडतो. साडेतीनला तंबू उभा, पाचला जेवण चुलीवर. खाण्याचं सगळं सामान रात्री गाडीत बंद ठेवा. शरदात अस्वलं थंडीआधीचं खाणं शोधत फिरतात, आणि स्पितीतली भटकी कुत्री त्यांच्याआधी येतात.

रोजचा निर्णय

नेटवर्क मिळेल तिथे रोज संध्याकाळी तीन गोष्टी बघा: हवामान खात्याच्या सिमला केंद्राचा इशारा, लाहौल-स्पिती पोलिसांनी टाकलेली रस्त्यांची स्थिती, आणि समोरून आलेल्या चालकाचा चेहरा. तिसरी सगळ्यात ताजी असते. पिवळा इशारा असेल तर पुढे जा, पण त्या रात्री तंबू नको. नारिंगी असेल तर जिथे आहात त्या गावात थांबा, खिंडीकडे जाऊ नका. लाल इशारा पुढच्या दोन दिवसांचा असेल तर तो सुरू व्हायच्या आत किन्नौरकडे खाली सरका. दरडीच्या टप्प्यात, नाकोजवळच्या मालिंग नाल्यासारख्या ठिकाणी, पाऊस सुरू असताना जायचं नाही.

आभाळही सांगत असतं. पश्चिमेकडून पिसासारखे उंच ढग पसरायला लागले, सूर्याभोवती खळं पडलं, आणि एरवी कडाक्याची असणारी पहाट अचानक सौम्य वाटली, तर खूश होऊ नका. ढगांनी रात्रीची ऊब धरून ठेवलेली आहे.

फेरविचाराच्या जागा दोनच ठेवा: कल्पा आणि काझा. कल्पाला विचारायचं, 'स्पितीत शिरायचं का?' काझाला विचारायचं, 'कुंझुम की परत?' तिथे ठरलं की रस्त्यात पुन्हा चर्चा नाही. गटातल्या सगळ्यात सावध माणसाला नकाराधिकार द्या, तो मेव्हणा असला तरी.

घरी काय सांगून निघायचं

पुण्यातल्या एका माणसाकडे रोजच्या मुक्कामाची यादी, गाडीचा क्रमांक आणि सगळ्यांचे रक्तगट देऊन ठेवा. त्याला हेही सांगा की काझानंतर मनालीपर्यंत बराच पट्टा नेटवर्कशिवाय आहे, तेव्हा दिवसभर फोन लागला नाही म्हणून घाबरायचं नाही; पण ठरलेल्या मुक्कामानंतर दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत निरोप आला नाही, तर शेवटच्या मुक्कामाच्या होमस्टेला फोन करायचा आणि तिथून उत्तर मिळालं नाही तर लाहौल-स्पितीच्या पोलीस नियंत्रण कक्षाला. हे दोन्ही क्रमांक त्याच यादीवर लिहून द्या. पुण्यातून ११२ लावला तर तो महाराष्ट्राच्या कक्षात जातो. बरोबरच्या दोघांकडे वेगवेगळ्या कंपन्यांची सिम असू द्यात, त्यातलं एक बीएसएनएलचं. रोख पैसे सुट्या नोटांत, दोघांकडे विभागून. काझाच्या एटीएमसमोर रांग असते आणि कधी नुसती पाटी असते.